संभाव्यतेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी संख्याशास्त्र शिकवते. गणित सुटतं पण उत्तराचा अर्थ काय ते सांगता येत नाही, ही तक्रार विद्यार्थ्यांइतकीच त्यांच्या पालकांकडूनही ऐकते. एकदा एका डॉक्टरांनीही हेच सांगितलं. खालचे प्रश्न अशाच लोकांनी विचारलेले आहेत. उत्तरं देताना एक सवय तुम्हाला लागावी असं मनापासून वाटतं. टक्केवारी कानावर पडली की आधी विचारा: कशापैकी? आणि काय माहीत आहे असं धरून?

शक्यता, संभाव्यता आणि संधी यांत फरक आहे का?

बोलताना नाही. ‘पावसाची शक्यता आहे’ म्हणताना आपण आकडा सांगत नाही. त्याच शक्यतेला ० ते १ मधला आकडा दिला की ती संभाव्यता. ० म्हणजे होणार नाही, १ म्हणजे होणारच. टक्क्यांत सांगितलं तर ० ते १००.

दहावीला ‘अनुकूल भागिले एकूण’ शिकलो. तेवढं पुरत नाही का?

फाशाला, पत्त्यांना आणि लॉटरीला पुरतं. पण त्या सूत्रात एक अट आहे, सगळे निष्पत्ती-बिंदू (म्हणजे शक्य निकाल) समसंभाव्य, म्हणजे सारख्याच संभाव्यतेचे असले पाहिजेत. परीक्षेत ती अट आयती मिळते, बाहेर मिळत नाही.

घरात अष्टा-चंगच्या कवड्या असतील तर एक हातात घ्या. एक बाजू फुगीर आणि गुळगुळीत, दुसरी चपटी, मधे दातेरी फट. टाकली की ती उताणी पडेल किंवा पालथी. शक्यता दोन आहेत, म्हणून प्रत्येकीला ½ म्हणायचं? कवडीचं वजन दोन्हीकडे सारखं नाही, आकारही नाही. ½ म्हणण्याला काहीच आधार नाही. समजा एखादी कवडी ०.६ संभाव्यतेने उताणी पडते. तशा चार टाकल्या तर चारही सारख्या पडण्याची संभाव्यता ०.६ चा चौथा घात अधिक ०.४ चा चौथा घात, म्हणजे सुमारे १५.५%. चार नाणी टाकली असती तर ती १२.५% आली असती. पटावर बसलेल्या माणसाला हा फरक जाणवतो, मोठं दान जास्त वेळा पडतं.

या अटीवर मोठी माणसंही अडखळली आहेत. फ्रेंच गणिती दालांबेर यांनी १७५४ मध्ये विश्वकोशातल्या एका नोंदीत विचारलं की नाणं दोनदा उडवलं तर निदान एकदा छापा पडण्याची संभाव्यता किती? त्यांचं म्हणणं असं, की पहिल्यालाच छापा पडला तर खेळ तिथेच संपतो. म्हणून प्रकार तीनच: छापा, काटा मग छापा, आणि काटा-काटा. तीनपैकी दोन अनुकूल, म्हणून ⅔. बरोबर उत्तर ¾ आहे, कारण ते तीन प्रकार समसंभाव्य नाहीत. दालांबेर यांची ही चूक लक्षात ठेवा, पुढे भौतिकशास्त्रात ती वेगळ्याच रूपात भेटणार आहे.

मग संभाव्यतेची खरी व्याख्या कोणती?

आंद्रेई कोल्मोगोरोव्ह या रशियन गणितीने १९३३ मध्ये एका छोट्या जर्मन पुस्तकात तिचे नियम मांडले. संभाव्यता ऋण नसते. संपूर्ण नमुना अवकाशाची, म्हणजे सगळ्या शक्य निकालांची मिळून, संभाव्यता १ असते. आणि एकाच वेळी घडू न शकणाऱ्या घटनांच्या संभाव्यतांची बेरीज होते. शाळेपासून संशोधनापर्यंतचं गणित या पायावर उभं आहे.

मात्र हे नियम आकड्यांनी कसं वागायचं ते सांगतात, आकडा येतो कुठून आणि कशाबद्दल बोलतो ते सांगत नाहीत. तिथून पुढे मतभेद सुरू होतात. माझ्या मते हे मतभेद विषयाचं वैभव आहेत. वेगवेगळ्या शास्त्रांना वेगवेगळ्या अर्थाची गरज पडली, म्हणूनच ते झाले.

हे अर्थ तरी कोणते?

वर दालांबेर यांनी धरला तो समसंभाव्य प्रकार मोजण्याचा अर्थ सर्वांत जुना. तो फ्रेंच गणिती लाप्लास यांनी व्यवस्थित मांडला. दुसरा वारंवारितेचा. जॉन व्हेन (वर्गात वर्तुळं काढतो ते व्हेन आकृतीवाले) यांनी १८६६ मध्ये आणि पुढे रिचर्ड फॉन मिझेस यांनी म्हटलं की प्रयोग पुन्हापुन्हा केला की घटना दर शेकडा किती वेळा घडते, तीच तिची संभाव्यता. या अर्थाने ‘२०२९ ची निवडणूक अमुक पक्ष जिंकण्याची संभाव्यता’ हे वाक्य अडचणीचं ठरतं, कारण ती निवडणूक एकदाच होणार.

तिसऱ्या अर्थात संभाव्यता म्हणजे उपलब्ध माहितीवरून आपला किती विश्वास बसतो त्याचं माप. फ्रँक रॅम्झी यांनी १९२६ मध्ये आणि इटलीत ब्रुनो द फिनेत्ती यांनी त्याला भक्कम पाया दिला. त्यांचा युक्तिवाद पैजेचा आहे. तुमचे विश्वास संभाव्यतेच्या नियमांशी विसंगत असतील, तर कोणीतरी अशा पैजा रचू शकतो की निकाल काहीही लागला तरी पैसे तुमचेच जातील.

कार्ल पॉपर यांनी १९५० च्या दशकात आणखी एक अर्थ सुचवला: संभाव्यता हा त्या मांडणीचा, त्या वस्तूचा कल आहे. कवडी आणि ती टाकण्याची पद्धत मिळून एक कल तयार होतो, कोणी मोजो वा न मोजो.

नाण्याला तरी नक्की ½ आहे ना?

जवळपास. दुसऱ्या महायुद्धात डेन्मार्कमध्ये स्थानबद्ध असलेल्या जॉन केरिच या गणितज्ञाने नाणं १०,००० वेळा उडवून नोंदी ठेवल्या. छापा ५,०६७ वेळा पडला. ½ शी हे सुसंगत आहे.

पण २०२३ मध्ये संशोधकांच्या एका गटाने ३,५०,७५७ वेळा नाणी उडवली, तेव्हा एक बारीक गोष्ट दिसली. उडवताना जी बाजू वर असते, तीच वर धरून नाणं झेललं जाण्याचं प्रमाण ५०.८% निघालं. हवेत नाणं किंचित डगमगत फिरतं, त्यामुळे हे घडतं, असं पर्सी डायकोनिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधीच गणिताने मांडलं होतं. म्हणजे ½ हा नाण्याचा स्वतःचा गुण नाही. सुरुवातीला कोणती बाजू वर होती ते तुम्हाला माहीत नसेल तर ½, माहीत असेल तर ०.५०८.

सलग पाच वेळा काटा पडला. आता छाप्याची पाळी नाही का?

नाही. नाण्याला मागचं आठवत नाही. १८ ऑगस्ट १९१३ च्या रात्री माँटे कार्लोच्या जुगारगृहात रूलेचा चेंडू सलग २६ वेळा काळ्यावर थांबला. ‘आता लाल येणारच’ म्हणत लोक लालवर रक्कम वाढवत गेले आणि बुडाले. मोठ्या संख्यांचा नियम याकोब बर्नुली यांनी सिद्ध केला. त्यांच्या मृत्यूनंतर १७१३ मध्ये तो प्रसिद्ध झाला. प्रयोग वाढवत गेलं की शेकडा प्रमाण स्थिर होतं, एवढंच तो सांगतो. मागची तूट कोणी भरून काढत नाही. पुढच्या हजारो खेळांत ती विरून जाते.

आम्ही दोघंही सिकलसेलचे वाहक आहोत. चारात एक म्हणतात. पहिल्या मुलाला आजार आहे, म्हणजे पुढची तीन निरोगी ना?

हा प्रश्न मला एका शिबिरात एका आईने विचारला होता. त्याला घाईत उत्तर देऊ नये असं मला तेव्हापासून वाटतं. नंदुरबार, गडचिरोली आणि विदर्भातल्या इतर काही जिल्ह्यांत रक्ताचा हा आनुवंशिक आजार बराच आढळतो, म्हणून सविस्तर लिहिते.

नाही, तसं होत नाही. वाहकाकडे एक जनुक बाधित आणि एक चांगलं असतं; आजार होतो तो दोन्ही बाधित असतील तर. प्रत्येक गर्भधारणेत चिठ्ठ्या नव्याने टाकल्या जातात. आईकडून बाधित जनुक येण्याची संभाव्यता ½, वडिलांकडून ½, दोन्ही येण्याची ¼. पहिल्या मुलाचं काय झालं याने दुसऱ्याची संभाव्यता बदलत नाही. अशा जोडप्याला चार मुलं झाली, तर एकालाही आजार नसण्याची संभाव्यता सुमारे ३२%, आणि नेमक्या एकालाच असण्याची सुमारे ४२%. म्हणजे ‘चारात एक’ हे पुष्कळ कुटुंबं एकत्र पाहिली की दिसणारं प्रमाण आहे, एका कुटुंबाला दिलेला कोटा नाही.

दुसरा प्रश्न त्या कुटुंबातल्या निरोगी भावंडाचा असतो: मी वाहक आहे का? जन्माआधी विचारलं असतं तर वाहक असण्याची संभाव्यता ½. पण आता एक माहिती हाती आहे, त्याला आजार नाही. चार समसंभाव्य प्रकारांतला एक बाद झाला. उरलेल्या तिनांपैकी दोन वाहकाचे, म्हणून उत्तर ⅔. माणूस तोच आहे, जनुकंही तीच आहेत, आपल्याला असलेली माहिती तेवढी बदलली. आणि इथे आकड्यावर थांबायचं कारण नाही. साधी रक्ततपासणी ⅔ चं रूपांतर ० किंवा १ मध्ये करते. लग्नाआधी ती करून घ्या. दोघं वाहक असतील तर गरोदरपणातही तपासणी होऊ शकते.

मेंडेल यांच्या वाटाण्यांमागेही हीच नाणेफेक होती. ५,४७४ गोल आणि १,८५० सुरकुतलेले दाणे, गुणोत्तर २.९६ : १.

‘तुरळक ठिकाणी पाऊस’ आणि ‘पावसाची शक्यता ४०%’ एकच का?

दोन्ही वेगळं सांगतात. हवामान विभागाच्या बुलेटिनमधलं ‘तुरळक ठिकाणी’ हे क्षेत्राबद्दल आहे: त्या विभागातल्या जास्तीत जास्त २५% केंद्रांवर पाऊस. मोबाइलवरचं ४०% हे तुमच्या ठिकाणाबद्दल आहे: असा अंदाज दिलेल्या शंभर दिवसांपैकी सुमारे चाळीस दिवशी तिथे पाऊस पडावा. ‘दिवसातला ४०% वेळ पडेल’ किंवा ‘४०% जोराने पडेल’ असा त्याचा अर्थ नाही.

मग पाऊस पडला नाही तर अंदाज चुकला का? एका दिवसावरून ते ठरत नाही. ग्लेन ब्रायर यांनी १९५० मध्ये मोजायची सोपी रीत दिली: सांगितलेली संभाव्यता आणि घडलेलं (१ किंवा ०) यांच्यातल्या फरकाचा वर्ग. ४०% सांगून पाऊस पडला तर ०.३६, नाही पडला तर ०.१६. हंगामभराची सरासरी काढायची. जितकी कमी तितका अंदाज चांगला. एकेका दिवसाचा विश्वास आणि हंगामाची वारंवारिता इथे एकाच वहीत भेटतात, म्हणून मला हे शास्त्र फार आवडतं.

तपासणी ९५% अचूक आहे आणि माझी पॉझिटिव्ह आली. म्हणजे ९५% आजार आहे?

बहुतेक वेळा नाही. टक्के सोडा आणि माणसं मोजा. १०,००० लोक घ्या. आजार शंभरात एकाला, म्हणजे १०० जणांना. तपासणी आजाऱ्यांपैकी ९५% ना पकडते: ९५ पॉझिटिव्ह. निरोगी ९,९०० पैकी ४% ना ती चुकून पॉझिटिव्ह ठरवते: ३९६. एकूण पॉझिटिव्ह ४९१, त्यांपैकी खरे आजारी ९५. म्हणजे साधारण १९%.

रिपोर्ट हातात घेऊन रडणाऱ्या माणसाला हे १९% ठाऊक असायलाच हवं. आणि हेही, की हा आकडा कोणतंही लक्षण नसलेल्या, सर्वसाधारण लोकांतून आलेल्या माणसाचा आहे. लक्षणं असतील तर सुरुवातीचा ‘शंभरात एक’ बदलतो आणि उत्तरही वर जातं. म्हणून डॉक्टर दुसरी तपासणी सांगतात, ती टाळू नका. या हिशोबाचं मूळ थॉमस बेझ या इंग्लिश धर्मोपदेशकाच्या निबंधात आहे. तो त्यांच्या मृत्यूनंतर, १७६३ मध्ये, रिचर्ड प्राइस यांनी पुढे आणला.

पी-मूल्य ०.०३ म्हणजे गृहीतक बरोबर असण्याची संभाव्यता ३% ना?

नाही. ‘पाऊस पडला असेल तर रस्ता ओला’ आणि ‘रस्ता ओला असेल तर पाऊस पडला’ या दोन वाक्यांत जो फरक तोच इथे. रस्ता टँकर गळूनही ओला होतो. परिणाम नाहीच असं धरलं, तर इतकी किंवा याहून टोकाची आकडेवारी मिळण्याची संभाव्यता ३%, एवढंच पी-मूल्य सांगतं.

हीच उलटापालट कोर्टात झाली की आयुष्य उद्ध्वस्त होतं. इंग्लंडमध्ये १९९९ साली एका आईला आपल्या दोन तान्ह्या बाळांच्या खुनाबद्दल दोषी ठरवलं गेलं. एका तज्ज्ञाने साक्षीत सांगितलं होतं की अशा कुटुंबात बाळाचा अचानक, अनाकलनीय मृत्यू ८,५४३ त एक. दोनदा म्हणजे त्याचा वर्ग, सुमारे ७ कोटी ३० लाखांत एक. वर्ग करायचा तर दोन्ही मृत्यू एकमेकांपासून स्वतंत्र हवेत. एकाच घरातली, एकाच आईबापांची बाळं आहेत ती, आनुवंशिक कारण असेल तर स्वातंत्र्य कुठलं? आणि आकडा खरा धरला तरी तो निर्दोष असण्याची संभाव्यता सांगत नाही. आईने दोन बाळं मारणं हेही अतिशय दुर्मीळच. दोन दुर्मीळ गोष्टींची तुलना करायला हवी होती. ब्रिटनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीने २००१ मध्ये जाहीर आक्षेप घेतला. एका बाळाच्या तपासणीचे दडून राहिलेले अहवालही पुढे आले आणि २००३ मध्ये ती सुटली. तोवर तीन वर्षांहून अधिक काळ तुरुंगात गेला होता.

भौतिकशास्त्राचे नियम तर पक्के. तिथे संभाव्यता कशाला?

सुरुवातीला ती सोयीसाठी आली. खोलीतल्या एक लिटर हवेत २ च्या पुढे बावीस शून्यं इतके रेणू असतात. प्रत्येकाचा माग कोण ठेवणार? मॅक्सवेल यांनी १८६० मध्ये रेणूंच्या वेगांचं वितरण मांडलं, बोल्ट्झमन यांनी एंट्रोपीला (अव्यवस्थेच्या मापाला) संभाव्यतेशी जोडलं. प्रत्येक रेणू नियमानेच चालतो, अज्ञान आपलं आहे, अशी तेव्हाची समजूत होती.

मग १९२४ मध्ये ढाक्याहून सत्येंद्रनाथ बोस यांनी आइन्स्टाइन यांना आपला निबंध पाठवला. तो वर्गात सांगताना आजही माझ्या अंगावर काटा येतो. दोन नाणी उडवली तर दोन छापे ¼, दोन काटे ¼, एक-एक ½. आता नाण्यांऐवजी दोन प्रकाशकण आणि दोन जागा घ्या. बोस यांच्या मोजणीत दोन्ही इकडे, दोन्ही तिकडे, एक-एक, असे तीन प्रकार आणि प्रत्येकी ⅓. कारण ‘हा कण इकडे, तो तिकडे’ आणि त्याच्या उलट, हे दोन वेगळे प्रकारच नाहीत. कणांना ‘हा’ आणि ‘तो’ अशी ओळखच नाही. नाण्यांच्या बाबतीत तीनच प्रकार समसंभाव्य धरणं ही दालांबेर यांची चूक होती. प्रकाशकणांच्या बाबतीत तीन समसंभाव्य प्रकार हाच निसर्गाचा नियम निघाला. समसंभाव्य काय, हे डोळे मिटून ठरवता येत नाही, याला याहून मोठा पुरावा मला माहीत नाही.

दोन वर्षांनी, १९२६ मध्ये, माक्स बोर्न यांनी पुंजयामिकीतल्या (क्वांटम मेकॅनिक्समधल्या) तरंगाचा अर्थ संभाव्यतेत लावला. अणू फुटण्याचंच उदाहरण घ्या. किरणोत्सारी कार्बन-१४ चा अर्धायुकाल, म्हणजे निम्मे अणू फुटायला लागणारा काळ, ५,७३० वर्षं. पण कालचा अणू आणि पाच हजार वर्षांपूर्वीचा अणू यांची उद्या फुटण्याची संभाव्यता अगदी सारखी. अणू म्हातारा होत नाही. ही संभाव्यता आपल्या अज्ञानाची की निसर्गाचीच? आइन्स्टाइन यांना दुसरं पटलं नाही. जॉन बेल यांनी १९६४ मध्ये हा वाद प्रयोगाने तपासता येईल असा केला. ते प्रयोग करणाऱ्या आस्पे, क्लाउझर आणि त्सायलिंगर यांना २०२२ चं नोबेल मिळालं. कण आपापली उत्तरं स्थानिक पातळीवर आधीच ठरवून निघतात, हे चित्र त्या प्रयोगांनी बाद केलं.

बेझवादी आणि वारंवारितावादी यांचं भांडण मिटलं का?

रोजच्या कामात बरंचसं. बेझवादी म्हणजे संभाव्यतेला विश्वासाचं माप मानणारे, वर सांगितलेल्या तिसऱ्या अर्थाचे; वारंवारितावादी दुसऱ्या अर्थाचे. १९३० च्या दशकात रोनाल्ड फिशर आणि हॅरोल्ड जेफ्रीझ यांच्यात ते निबंधांतून रंगलं. फिशर जनुकशास्त्र आणि शेतीच्या प्रयोगांतले; प्रयोग पुन्हा करता येतो. जेफ्रीझ भूकंपाचा आणि पृथ्वीच्या पोटाचा अभ्यास करणारे, पृथ्वी एकच. ज्याचं जसं काम तसा त्याचा अर्थ, असं मला दिसतं. कोल्हापूरला जन्मलेले वसंत शंकर हुजुरबाजार केंब्रिजला जेफ्रीझ यांच्याच हाताखाली शिकले, आणि परत येऊन पुणे विद्यापीठाचा संख्याशास्त्र विभाग त्यांनी उभा केला.

इतिहासासारख्या विषयात याचा काही उपयोग?

गोव्यात जन्मलेले, पुण्यात राहिलेले दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी तो करून दाखवला. तक्षशिलेला सापडलेली आहत (ठसे मारलेली प्राचीन) नाणी त्यांनी एकेक करून तोलली. टांकसाळीतून निघताना नाण्यांची वजनं जवळपास सारखी असतात. हातोहाती फिरताना प्रत्येक नाणं थोडं झिजतं, पण सगळी सारखी झिजत नाहीत. म्हणून सरासरी वजन घटतं आणि वजनांतली तफावत वाढते. एका नाण्याचं वजन काहीच सांगत नाही. साठा तोलला की कोणती नाणी जास्त काळ चलनात होती ते कळतं. जनुकांमधलं अंतर काढायचं १९४४ सालचं कोसंबींचं सूत्र आजही त्यांच्या नावाने वापरलं जातं.

संभाव्यता शून्य म्हणजे अशक्यच ना?

मोजक्या निष्पत्ती असतील तर हो. सलग मापांत नाही. ० आणि १ मधली कोणतीही संख्या समान वितरणाने निवडली, तर नेमकी तीच संख्या निवडली जाण्याची संभाव्यता शून्य होती, तरी ती निवडली गेलीच.

मुलांना हे घरी कसं दाखवू?

एक कवडी आणि वही पुरे. नातवंड आणि आजी समोरासमोर बसवा. नातवंडाला कवडीबद्दल काही माहीत नाही; त्याची सुरुवात एक उताणी, एक पालथी अशी धरा (लाप्लास यांचीच रीत). आजीचा हात या कवड्यांवर बसलेला. ‘दहात सहा वेळा उताणी पडते गं’ असं ती म्हणाली, तर तिच्या नावावर साठ उताण्या, चाळीस पालथ्या लिहा. मग टाकायला लागा आणि पडेल ते दोघांच्याही खात्यात जमा करा.

समजा पहिल्या दहांत तीनच उताण्या पडल्या. नातवंडाचा अंदाज १२ पैकी ४, म्हणजे ०.३३. आजीचा ११० पैकी ६३, म्हणजे ०.५७. इथे वाद होतो, होऊ द्या. आणखी नव्वद वेळा टाका. शंभरात ५८ उताण्या निघाल्या, तर नातवंड १०२ पैकी ५९, ०.५८ वर येतं. आजी २०० पैकी ११८, ०.५९ वर.